कोणता नग?

नामदेवराव उमाठ्यांना ‘लाखो’ हा शब्द सहन होत नसे. कुणी बोलता बोलता “लाखो लोक होते हो” म्हणालं, की ते हातातलं काम खाली ठेवून विचारत, “लाखो म्हंजे किती? दोन का नऊ?” समोरचा हसला तरी हे हसत नसत. “ज्याले मोजता येत नाही ना, तो लाखो म्हणते,” एवढं बोलून पुन्हा कामाला लागत.

मी पडले जाहिरातीचा मजकूर लिहिणारी बाई. माझं अर्धं पोट ‘लाखो’वर चालतं. ‘लाखो गृहिणींची पसंती’ हे वाक्य मी झोपेतसुद्धा लिहून देईन. त्यामुळे आमचं दोघांचं पहिल्याच दिवशी वाजलं.

आमचा कारखाना नागपुरात, कळमन्याच्या बाजूला. कपडे धुण्याचा साबण, निळ्या कागदातला. नाव सांगत नाही, पण विदर्भातल्या पुष्कळ न्हाण्यांमध्ये तो आजही दगडाशेजारी भिजत पडलेला असेल. उमाठे तिथे एकतीस वर्षं होते. तयार माल खोक्यांत भरायचा, गाडीत चढवायचा आणि दुकानदारांकडे रवाना करायचा, या सगळ्या खात्याचे ते सुपरवायझर. मी नवी होते. सेल्स मॅनेजर सबनीस साहेबांनी मला पत्रक लिहायला सांगितलं होतं, म्हणून मी गोदामात जाऊन विचारलं, “महिन्याला किती वड्या विकल्या जातात?”

“पाच लाख.”

मी वहीत लिहायला घेतलं. त्यांनी हात आडवा केला.

“लिहू नका. दिसला का आधी?”

“काय दिसला?”

“आकडा. कानानं घेतलेला आकडा खरा नसते मॅडम, डोळ्यानं घ्या लागते.”

आणि मग त्यांनी मला गोदामभर फिरवलं. हे खोकं, यात शंभर वड्या. अशी दहा खोकी म्हणजे ही एक रास, हजाराची. आता डोळे मिटा आणि अशा पाचशे राशी मांडा. मी मुकाट्यानं डोळे मिटले. पंचवीसेक राशी मांडून होईपर्यंत गोदामाची भिंत आली. पुढच्या राशी रस्त्यावर मांडल्या, तर कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे ट्रक आडवे येऊ लागले. माझं डोकं गरगरलं.

“गरगरलं ना? मंग दिसून राहिला तुमाले,” उमाठे म्हणाले. “आता लिहा.”

माणूस दिसायला अगदी साधा. पांढऱ्याकडे झुकलेला शर्ट, काळी पँट, पायात चपला. खिशाला पेनाच्या जागी मोजपट्टी, लोखंडी, गुंडाळी होणारी. पेन लागलं तर दुसऱ्याचं मागतील, मोजपट्टी मात्र कुणाला देणार नाहीत. सकाळी आम्ही कधी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायला गेलो, तर बाकीचे तर्रीच्या तिखटानं नाक पुसत असायचे आणि हे विचारात. “याची तर्री दिवसाले किती जात असन?” मग ठेलेवाल्याच्या पळीकडे, बशांच्या ढिगाकडे बघून स्वतःच उत्तर द्यायचे, “तीन घमेले. त्यातल्या दोन पळ्या आपल्या.” एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात तर ऐन पंगतीत वधूपित्याला गाठून म्हणाले, “भाऊ, तुमची बुंदी दाण्यापुढे दाणा लावली ना, तं या हॉलपासून तुमच्या घरापर्यंत जाते.” बिचारा वधूपिता घामाघूम. म्हणाला, “जाऊ द्या ना उमाठेभाऊ, पयले पाहुण्यायच्या पोटात तं जाऊ द्या!”

कारखान्यातले लोक त्यांना पाठीमागे ‘नग’ म्हणत. याला कारण त्यांचा स्वभाव होताच, पण दुसरंही होतं. आमच्याकडे ‘नग’ या शब्दाचा फार घोळ होता. भट्टीच्या शेडमध्ये साबण ओतला, की त्याची फूटभर लांबीची पट्टी तयार होते. तिकडचे लोक त्या पट्टीला एक नग म्हणतात. मग तारेनं तिचे तीन तुकडे होतात. तो तुकडा म्हणजे आपली वडी, दहा सेंटीमीटरची. ती हॉलमध्ये बायका निळ्या कागदात गुंडाळतात आणि गोदामात येते. आता तिलाही नगच म्हणतात. एका भिंतीच्या अलीकडे नग म्हणजे पट्टी, पलीकडे नग म्हणजे वडी. एकदा एका नव्या माणसानं उमरेडच्या दुकानदाराला तीनशे नग पाठवायचे, तर तीनशे पट्ट्या पाठवल्या, न कापलेल्या, न गुंडाळलेल्या. दुकानदाराचा फोन आला, “अबे, साबण पाठवला का फर्निचर?” तेव्हापासून उमाठ्यांनी भिंतीवर तेलरंगानं लिहून ठेवलं होतं, ‘कोणता नग? विचारल्याशिवाय मालाला हात लावू नये.’ नव्या माणसाकडून ते हे वाक्य पाठ करून घेत. मलाही त्यांनी पाठ करायला लावलं होतं.

आणि चूक केली ती आम्ही दोघांनीच.

वर्धा रोडला मिहानकडे वळतात तिथे कंपनी मोठा फ्लेक्स लावणार होती. सबनीस साहेब पुण्याहून आलेले, हुशार, सदा घाईत. म्हणाले, “आकडे नकोत. लोकांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं पाहिजे.” मला वाटलं, चित्राचा माणूस तर आपल्याकडे आहे. मी धावत गेले. उमाठे तेव्हा भट्टीच्या शेडमध्ये उभे होते. मी विचारलं, “पाच लाख नग एकापुढे एक ठेवले, तर कुठवर जातील?”

माझ्या तोंडून ‘नग’ गेलं. त्यांच्यापुढे पट्ट्या वाळत होत्या. त्यांनी मोजपट्टी काढली, एक पट्टी मोजली, तीस सेंटीमीटर. भिंतीवर खडूनं गुणाकार केला. दीडशे किलोमीटर. आणि माणूस एकदम फुलला.

“मॅडम, अमरावती! अमरावती येते! माही सासुरवाडी!”

त्यांना इतकं मोकळं हसताना मी प्रथमच पाहिलं. त्या हसण्यात ‘कोणता नग’ विचारायचं राहून गेलं. आठवड्यात फ्लेक्स लागला. ‘एका महिन्यात विकलेल्या वड्या एकापुढे एक ठेवल्या, तर नागपूरहून थेट अमरावती गाठतात!’ खाली साबणांची रांग, लांब डोंगरात गेलेली. उमाठे दोनदा बसनं जाऊन बघून आले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला नंदनवनातल्या घरी जेवायला बोलावलं. शोभाकाकूंनी भरली वांगी आणि ज्वारीची भाकर केली होती. जेवताना यांनी फ्लेक्सचा विषय काढलाच. काकू वाढता वाढता थबकल्या.

“अमरावतीपर्यंत? आपल्या न्हाणीतली ही एवढीशी वडी?”

“हो. तुह्या माहेरापर्यंत.”

“काही सांगता जी! मले माहेरी जाले एसटीत चार तास लागते. रस्ता सरता सरत नाही. तेवढ्या वड्या कोण गुंडाळते?”

“आण वडी,” उमाठे म्हणाले. “नवी आण, कागदातली. आत्ताच दाखवतो.”

काकूंनी फळीवरची वडी आणून दिली. यांनी डाव्या हातानं मोजपट्टी लावली, उजवा हात भाकरीचा. आणि तो हात तसाच राहिला. मला काही कळेना. काकू म्हणाल्या, “काय झालं जी?”

“दहा,” ते म्हणाले. “दहा सेंटीमीटर.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, आपण मोजल्या वड्या, आन् लांबी धरली पट्टीची. तिप्पट झालं. पन्नास किलोमीटर आहे ते. रामटेक आहे. अमरावती नाही.”

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. आपल्या तिघांशिवाय हे कुणाला ठाऊक आहे? मी तसं बोललेही. “जाऊ द्या ना काका, कोण मोजायला जातंय?”

ते ताटावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत. म्हणाले, “एकतीस वर्षं मी लोकायले विचारलं, कोणता नग. आता मले कोणी विचारलं तं?”

यात नुसत्या मानाचा प्रश्न नव्हता. उमाठे ऑक्टोबरअखेर साठीचे होऊन निवृत्त होणार होते. कंपनीत चांगल्या माणसाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळे, आणि ती पुढे पाठवायची की नाही हे सबनिसांच्या हातात होतं. उमाठ्यांना ती हवी होती. गोदामाशिवाय हा माणूस घरी काय करणार, या काळजीनं काकूंनी तर कोराडीच्या देवीला नवस बोलून ठेवला होता.

सोमवारी ते सरळ सबनिसांच्या केबिनमध्ये गेले. मी बरोबर होते. सबनिसांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

“उमाठे, जाहिरात आहे हो ती. कोर्टातला कागद नाही.”

“पण साहेब, खोटं आहे.”

“आणि रामटेक लिहायचं? रामटेक म्हणजे काय, रविवारी लोक स्कूटरवर जाऊन दुपारी जेवायला घरी येतात. अमरावतीत दम आहे. रामटेक म्हटलं की लोक म्हणतील, एवढंच?”

“साहेब, रामटेक जवळ आहे हे तुमाले गाडीतून वाटते.”

“मग काय चालत जाऊ?”

“तुमी काहून? मी जातो,” उमाठे म्हणाले. “जाऊन आलो का मंग सांगतो, एवढंच आहे का तेवढं.”

सबनिसांना ती थट्टा वाटली. मला वाटली नाही. त्या शनिवारी पहाटे मी स्कूटी घेऊन गोदामाशी गेले, तर हे तिथे नाहीत. फोन केला तर शहराच्या मधोमध, जिथून अंतरं मोजतात त्या झीरो माइलच्या दगडाजवळ. म्हणाले, “फ्लेक्सवर नागपूरपासून लिवलं आहे, गोदामापासून नाही.” म्हणजे सहा-सात किलोमीटर जास्तीचे. मी कपाळाला हात लावला आणि स्कूटी वळवली.

ते पुढे चालत, मी हळूहळू मागून. पाण्याच्या बाटल्या, केळी आणि काकूंनी दिलेले तिळाचे लाडू माझ्याकडे. पहिला तास ते बोललेच नाहीत, ओठ हलत होते फक्त. मग इंदोऱ्याच्या पुढे म्हणाले, “एका पावलात सात वड्या जाऊन राहिल्या.” मी म्हटलं, “म्हणजे किलोमीटरला दहा हजार.” ते खूश झाले. “आता दिसून राहिलं तुमाले!” कामठी आली. मी सावलीत थांबले, हे थांबेनात. कामठीच्या पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली आणि मी स्कूटी बंद करून ढकलत त्यांच्याबरोबर चालू लागले.

आमच्या हॉलमध्ये गुंडाळणाऱ्या वीस बायका. एक बाई दिवसाला हजार वड्या गुंडाळते. हजार वड्या म्हणजे शंभर मीटर. तर उमाठे शंभर-शंभर मीटरला नाव घेऊ लागले.

“हे सुमनबाईचं झालं. आता रेखाचं. हे, त्या खांबापर्यंत. आता दुर्गाबाई.” एखाद्या ट्रकनं धुरळा उडवला की तोंडावर रुमाल धरायचे, पण नाव चुकवायचे नाहीत. “वीस बाया झाल्या का दोन किलोमीटर. एक दिवस झाला कारखान्याचा. आता पुन्हा सुमनबाई.”

मी त्या बायांना रोज बघत होते. डबा खाताना त्यांच्याशी गप्पा मारत होते. त्या दिवशी रस्त्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या काय करतात. ‘लाखो गृहिणींची पसंती’ लिहिणाऱ्या माझ्या हाताची मला लाज वाटली.

कन्हानला त्यांच्या साळ्याकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चपलेच्या पट्ट्यानं त्यांचा पाय सोललेला. मी म्हटलं, “काका, झालं आता, कळलं सगळ्यांना.” ते म्हणाले, “वीसच किलोमीटर झाले. दोन लाख. अजून तीन लाख वड्या बाकी आहे, त्या काय कोणी माह्यासाठी सोडून देईन?” पायाला चिंधी बांधली आणि निघाले.

मनसरला चहा घेत होतो, तेव्हा सबनिसांचा फोन आला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं चिडतील, पण साहेब उत्साहात. “अहो कमाल केली! फोटो काढा, व्हिडिओ काढा. ‘साबणासाठी चालला माणूस’, असं टाकू आपण. उमाठ्यांना जरा लंगडताना घ्या. तुफान चालेल!”

मी फोन उमाठ्यांकडे दिला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“साहेब, फोटो नाही. मी जाहिरातीसाठी नाही चालून राहिलो. फ्लेक्स बदला.”

फोन मला परत दिला आणि चहाचा पेला ठेवून उठले. मनसरहून रामटेकचा रस्ता उजवीकडे वळतो. गडावरचं देऊळ दिसू लागलं की माणसाला वाटतं, आलंच. पण ते दिसतं आणि येत नाही. दोन्ही बाजूंना धानाची शेतं कापणीला आलेली, आणि हा माणूस पाय ओढत बायांची नावं घेत चाललेला. दिवस मावळायच्या आत आम्ही गावात शिरलो. बसस्टँडजवळ त्यांनी शेवटचं नाव घेतलं आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी विचारलं, दर्शनाला वर जायचं का. “गड आकड्यात नाही,” म्हणाले. मला हसू आलं आणि रडूही. स्कूटीवर मागे बसण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं, म्हणून ती स्टँडवरच ठेवली; बसनं परत येताना ते खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

मंगळवारी पायाला बँडेज बांधून केबिनमध्ये हजर. सबनीस आता थंड झाले होते. म्हणाले, “ठीक आहे, बदलू. पण वरच्यांना मी काय सांगू? खर्च पुन्हा होणार. चूक कुणाची ते लेखी द्या.” आणि पुढे म्हणाले, “उमाठे, तुमची वाढ माझ्या टेबलावर आहे. लेखी चूक असेल, तर मला ती पुढे पाठवता येणार नाही. विचार करा.”

मी मधे पडले. “सर, नग शब्द मी वापरला होता. चूक माझी आहे.”

“मॅडम, तुमी नव्या आहा,” उमाठे म्हणाले. “विचाराचं काम माहं होतं.” त्यांनी माझ्याकडेच पेन मागितलं आणि उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या. नग विचारला नाही, वडीच्या जागी पट्टी मोजली, चूक माझी. खाली सही. सबनिसांना ते वाचून काय वाटलं माहीत नाही. पण वाढ त्यांनी पुढे पाठवली नाही ती नाहीच. मला त्यांचा भयंकर राग आला. मी उमाठ्यांना म्हटलंही, हा अन्याय आहे. ते म्हणाले, “काहून? चूक तं झाली ना.” पाच दिवसांनी मिहानच्या वळणावर नवा फ्लेक्स लागला, रामटेकचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ ठेवायचा होता. उमाठ्यांनी सांगितलं, भाषण नको, हॉलमध्ये दहा मिनिटं द्या. जेवणाच्या सुट्टीनंतर बायका कामाला बसत होत्या. हे त्यांच्यापुढे उभे राहिले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांनी प्रत्येकीची नोकरीची वर्षं काढली होती, प्रत्येकीच्या सुट्ट्या वजा केल्या होत्या.

“दुर्गाबाई,” त्यांनी वाचलं. “रोजचे शंभर मीटर, वर्षाचे तीस किलोमीटर. सतरा वर्षं. तुमी हैदराबादले पोचल्या. रेखा, तुही पाच वर्षं झाली. तू अमरावतीत आहे.”

आधी बायका हसत होत्या. मग एकेक नाव येऊ लागलं तसं हसू थांबलं. ज्या कधी नागपूरच्या बाहेर फारशा गेल्या नव्हत्या, त्या आपलं गाव कोणतं येतं ते कान देऊन ऐकत होत्या. कुणी भोपाळला, कुणी अकोल्याला. शेवटी सुमनबाई, सगळ्यात जुनी, सत्तावीस वर्षांच्या वर झालेली.

“सुमनबाई, तुमी मुंबईले.”

“बाप्पा!” सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. “मी तं वर्ध्याच्या पुढे नाही गेली कधी.”

“गेल्या ना तुमी. हातानं गेल्या.”

सुमनबाईंचे डोळे भरले. आमचेही. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या गलक्यात सुमनबाई म्हणाल्या, “मंग समुद्र आला असन ना जी, उमाठेभाऊ?”

अशा वेळी कुणीही हो म्हणालं असतं. उमाठ्यांनी चष्मा वर केला आणि कागद पुन्हा पाहिला.

“नाही. कुर्ला झालं. अजून बारा किलोमीटर बाकी आहे,” ते म्हणाले. “सुट्टी घेतली नाही तं मार्च सरता सरता पोचसान.”

सुमनबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि समोरची वडी उचलून कागदात गुंडाळायला घेतली.